ग्रान पारादीझोची व्हित्तोरियो एमानुएले हट: मुक्काम एक नको, दोन करा

सह्याद्रीत नेमाने चढणाऱ्या आणि हिमालयात एखादा बर्फातला ट्रेक केलेल्या माणसाला आल्प्समधलं पहिलं चार हजारी शिखर करायचं असेल, तर इटलीतलं ग्रान पारादीझो (4061 मीटर) निवडावं. त्यासाठी मुक्काम करायचा तो 2735 मीटरवरच्या रिफूजो व्हित्तोरियो एमानुएले सेकोंदो या हटमध्ये. हट मोठी आहे, जुनी आहे, हंगामात गजबजलेली असते आणि ऐषाराम म्हणावं असं तिथे काही नाही. तरीही तिला पूर्ण गुण द्यावेसे वाटतात, कारण पहाटे चारला शंभर माणसांना नाश्ता देऊन वेळेवर बर्फाकडे रवाना करणं हे तिचं मुख्य काम आहे, आणि ते ती चोख करते. बहुतेक माणसं इथे एकच रात्र राहतात. समुद्रसपाटीवरून येणाऱ्यांचा बेत फसतो तो नेमका तिथेच.

ग्रान पारादीझो हे संपूर्णपणे इटलीच्या हद्दीत असलेलं एकमेव चार हजारी. 1860 साली त्यावर पहिल्यांदा माणसं पोचली. त्याआधी चार वर्षं, म्हणजे 1856 मध्ये, राजा व्हित्तोरियो एमानुएले दुसरा याने हा मुलूख शिकारीसाठी राखून ठेवला होता. आयबेक्स म्हणजे लांब वाकड्या शिंगांचा डोंगरी बोकड जवळजवळ संपत आला होता, तो या राखीव रानामुळे तगला. 1922 मध्ये त्याच जागेवर इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. हा इतिहास तुमच्या गुडघ्यांच्या कामाचा आहे, कारण राजाच्या शिकारी लवाजम्यासाठी बांधलेल्या घोडवाटा आजही वापरात आहेत आणि हटची वाट त्यांतलीच आहे.

ही हट इटालियन अल्पाइन क्लबच्या तोरिनो शाखेची. 1884 ची मूळ दगडी इमारत अजून शेजारी उभी आहे आणि हट बंद असताना हिवाळी निवारा म्हणून उपयोगी पडते. आताची इमारत म्हणजे अर्धं कापून आडवं ठेवलेलं भलंमोठं पिंप, त्यावर चकचकीत धातूचा पत्रा. छायाचित्रात ती विजोड दिसते, पण त्या गोल पाठीवर बर्फ साचत नाही आणि वारा अडत नाही. समोर लहानसं तळं आणि मागे चारफोरॉन (3642 मीटर) व त्रेझेंता (3609 मीटर) ही दोन शिखरं. चारफोरॉनची हटकडची बाजू एवढी उभी आणि उघडी आहे की नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते.

पोचायचं कसं? तोरिनो किंवा मिलानहून आओस्ता, आणि तिथून वालसावारांशच्या खोऱ्यात शेवटचं ठिकाण पोंत (1960 मीटर). आओस्ता ते इव्हरेआ हा रेल्वेमार्ग विद्युतीकरणासाठी जानेवारी 2024 पासून बंद करण्यात आला आहे, त्यामुळे निघण्याआधी तो पुन्हा सुरू झाला का ते बघा, नाहीतर बस धरा. जिनिव्हा, झुरिक किंवा म्युनिकला नोकरीनिमित्त असलेल्यांना गाडीने येणं सोपं पडतं. जिनिव्हाहून माँ ब्लाँ बोगद्यातून उतरलं की आओस्ताचं खोरं लागतंच. आओस्ताहून पोंतची बस उन्हाळ्यात मिळते, पण फेऱ्या मोजक्या आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं. पोंतला वाहनतळ, हॉटेल आणि कॅम्पिंगची जागा आहे. उद्यानाच्या हद्दीत वाटेल तिथे तंबू ठोकायला मनाई आहे, ड्रोन उडवायलाही. आपल्याकडे गडावर तंबू टाकायची सवय असते, ती इथे चालत नाही.

पोंतलाच तुम्ही कळसूबाईपेक्षा (1646 मीटर) तीनशे मीटर वर असता. पूल ओलांडून ओढ्याच्या कडेने थोडं सपाट चालायचं, मग लार्चच्या झाडीतून वळणं घेत चढ सुरू होतो. झाडी संपली की उघडा उतार आणि त्यावर तीच रुंद, दगड बसवलेली वाट. उंची साधारण 775 मीटर वाढते. दोन ते अडीच तास लागतात. चढ कुठेही अंगावर येत नाही, कारण वळणं लांब आहेत. लोक मधले शॉर्टकट मारतात, ते टाळा. माती सुटते आणि दमही. दुपारी ढग जमून गडगडाट होणं हे इथे जुलै-ऑगस्टचं नेहमीचंच, म्हणून पोंत बाराच्या आत सोडा.

बुकिंगशिवाय जाऊ नये. जुलै-ऑगस्टमधल्या शुक्रवार-शनिवारच्या जागा खूप आधी भरतात, आणि दारात उभं राहून गयावया केल्यास फार तर जेवणघरातला बाक मिळेल. बुकिंग करताना तीन गोष्टी आठवणीने लिहा: माणसं किती, क्लबचे सदस्य किती, शाकाहारी किती. बेत बदलला तर फोन करून कळवा. तुमची अडवलेली जागा पावसात भिजत आलेल्या दुसऱ्या कुणाला तरी हवी असते.

दर 'हाफ बोर्ड'चा असतो, म्हणजे बिछाना, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता. आल्प्सच्या या भागात बिगरसदस्याला माणशी साधारण 60 ते 80 युरो धरून चाला. पाणी, चहा, बिअर, दुपारचं खाणं सगळं वेगळं. कोणत्याही मान्यताप्राप्त युरोपीय अल्पाइन क्लबचं सदस्यत्व असेल तर बिछान्याच्या दरात चांगली सूट मिळते. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी ते घ्यावंच, दोन-तीन मुक्कामांत वर्गणीचा मोठा भाग वसूल होतो. भारतातून येणाऱ्यांनी आधी हिशेब करावा, एका वारीसाठी ते दरवेळी परवडतंच असं नाही. रोख युरो जवळ ठेवा. कार्डाचं यंत्र डोंगरातल्या सिग्नलवर चालतं आणि सिग्नल ढगांवर.

आत शिरताना पहिलं काम बूट काढण्याचं. बूट, काठ्या, आइस ॲक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, हे सगळं दाराजवळच्या खोलीतच ठेवायचं, वर न्यायचं नाही. बुटांना रंगीत दोरी बांधा. पहाटेच्या अंधारात एकसारखे चाळीस जोड असतात आणि चुकीचा जोड घालून कुणी निघून गेलं तर दोघांचाही दिवस वाया जातो. हटमध्ये घालायला सपाता ठेवलेल्या असतात. झोपायला दुमजली बंक, गादी, उशी आणि जाड पांघरूण मिळतं. चादर मात्र आपली. पिशवीसारखी शिवलेली रेशमी किंवा सुती लायनर सक्तीची समजा. स्लीपिंग बॅग उगाच वाहू नका. सामूहिक खोलीत घोरणारे असणारच, कानात घालायचे बोळे दहा ग्रॅमचे असतात. पहाटेचं सामान रात्रीच भरून ठेवा. साडेतीनला प्लास्टिकच्या पिशव्या कुरकुरवणारा माणूस सगळ्या खोलीचा शत्रू होतो.

पाण्याबद्दल सावध राहा. अशा हटांत नळाचं पाणी वितळलेल्या बर्फाचं असतं आणि त्यावर 'नॉन पोताबिले' अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही. बाटलीबंद पाणी वर हेलिकॉप्टरने येतं म्हणून महाग. क्लोरीनच्या गोळ्या किंवा फिल्टर आणलात तर पैसेही वाचतील आणि कचराही. प्लग पॉइंट कमी आणि मोबाइल जास्त, तेव्हा पॉवर बँक आणा. कचरापेटी शोधू नका, आपला कचरा आपणच पोंतला उतरवायचा.

जेवण संध्याकाळी सातला, एकाच पंगतीत, आणि वेळेला काटेकोर. आधी पास्ता किंवा मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं दाट सूप, मग मुख्य पदार्थ, बहुधा रश्शातलं मांस आणि पोलेंता, शेवटी फळ किंवा गोड. पोलेंता म्हणजे मक्याच्या भरड पिठाचा घट्ट शिजवलेला सांजा. पोट भरतं, आणि चढाच्या आदल्या रात्री हेच खाणं योग्य आहे. पास्त्याला दुसऱ्यांदा वाढून मागायला लाजू नका, पहिल्या पदार्थाचं बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतं.

शाकाहारी असाल तर बुकिंगला लिहिलेलं असूनही पोचल्याबरोबर काउंटरवर पुन्हा सांगा. मांसाच्या जागी आम्लेट किंवा चीज येतं. अंडं चालत नसेल तर तेही आधीच सांगा, पानात आल्यावर नाही. दोन गोष्टी कुणी आपणहून सांगत नाही. सूप पुष्कळदा मांसाच्या अर्कात शिजवलेलं असतं, तेव्हा 'सेन्झा ब्रोदो दि कार्ने' असं विचारा. आणि पार्मेझान व या खोऱ्यातलं प्रसिद्ध फोंतिना ही दोन्ही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. कडक पाळणाऱ्याने साध्या टोमॅटोचा पास्ता मागावा. कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर इथे पूर्ण जेवण मिळेल ही अपेक्षा ठेवू नये, आपलं बरोबर न्यावं. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, भडंग, दाण्याचा कूट घातलेले सातूचे लाडू हे सगळं थंडीत टिकतं आणि दगडावर बसून हातमोज्यांनीही खाता येतं. पेढे, खव्याचे पदार्थ आणि पनीर मात्र विमानतळावर अडतात, कारण युरोपीय संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानातून आणायला बंदी आहे.

नाश्ता पहाटे चारच्या सुमाराला. टोस्ट, पाव, जॅम, चॉकलेटचा लेप, कॉफी, चहा. त्या वेळी फारशी भूक नसते, तरी दोन-तीन टोस्ट पोटात ढकलाच. थर्मास रात्रीच काउंटरवर देऊन ठेवला तर सकाळी गरम चहा भरून मिळतो. त्यावर नावाची चिकटपट्टी लावा.

आता दुसऱ्या मुक्कामाबद्दल. मुंबई-पुण्याहून विमानाने येऊन, एक रात्र आओस्तात (583 मीटर) आणि एक हटमध्ये काढून तिसऱ्या पहाटे 4061 ला निघणं शरीराला झेपत नाही. डोकं ठणकतं, 3500 च्या पुढे मळमळतं, पाय जड होतात, आणि तोवर चढण्यातला सगळा वेळ खर्च झालेला असतो. तंदुरुस्ती असून भागत नाही. विरळ हवेत श्वासाची लय जुळायला वेळच द्यावा लागतो. म्हणून पहिल्या दिवशी हटला या, दुसरा दिवस आसपास चढून-उतरून काढा, रात्री पुन्हा तिथेच झोपा आणि तिसऱ्या पहाटे शिखर. जादा हाफ बोर्डचे पैसे वाचवायला जाल तर गाइडचे पैसे वाया जातील, आणि ते कितीतरी जास्त असतात. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, घ्यायचं असेल तर भारतातच डॉक्टरांना विचारून घ्या. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने घेऊ नये.

त्या मधल्या दिवसासाठी दोन चांगले पर्याय आहेत. सोपा म्हणजे शेजारच्या शाबो हटकडे जाणारी आडवी वाट. खोऱ्याच्या कुशीतून, फार उंची न गमावता, अडीच-तीन तासांत पलीकडे पोचते. बर्फावर पाय ठेवावा लागत नाही, आणि आयबेक्स दिसण्याची सगळ्यात चांगली संधी याच वाटेवर. अवघड म्हणजे गाइडबरोबर त्रेझेंताच्या दिशेने चढून क्रॅम्पॉनचा सराव करणं. काहीही निवडलंत तरी संध्याकाळी अर्धा तास हटच्या मागच्या धोंड्यांमधली वाट पाहून या. याचा फायदा दुसऱ्या दिवशी पहाटे होतो.

कारण शिखराचा दिवस सुरू होतो तो त्याच धोंड्यांतून. हटच्या मागे घराएवढ्या शिळांचा पट्टा आहे. वाट दगडांच्या लगोऱ्यांनी दाखवलेली आहे, पण हेडटॉर्चच्या उजेडात प्रत्येक दगड लगोरी वाटतो. इथे चुकणारे बहुतेकजण फार लवकर वर चढतात आणि मग शिळांवरून उड्या मारत परत येतात. पाऊण-एक तास जातो, ऊर्जा त्याहून जास्त. वाट आदल्या दिवशी पाहिलेली असेल तर हा सगळा भाग शांतपणे पार पडतो. पुढे मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडगोट्यांचा ढीग, चढून हिमनदीच्या कडेला पोचतो. ही कड दरवर्षी मागे आणि वर सरकते आहे, त्यामुळे जुन्या वर्णनातली उंची प्रमाण मानू नका.

कडेला थांबून हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), क्रॅम्पॉन, दोर. हार्नेस हटमध्येच घालून निघालात तर वाऱ्यात पाय उचलून पट्टे शोधावे लागत नाहीत. दोरावर माणसामाणसांत दहा-बारा मीटर अंतर, आणि दोर बर्फाला जेमतेम टेकलेला, ताठही नाही आणि ढीगही नाही. नवशिके हातात दोराची वेटोळी धरून चालतात. क्रेव्हासमध्ये, म्हणजे हिमनदीतल्या खोल भेगेत, कुणी पडलं तर तीच वेटोळी सुटेपर्यंत तो तेवढा खाली गेलेला असतो, म्हणून तसं करू नये. उतार सुरुवातीला मध्यम, मग 'गाढवाची पाठ' या नावाची धार येते. तिथे शाबोकडून येणारी वाट मिळते आणि पहिल्यांदा वारा अंगावर येतो. जुलैतही पहाटे शून्याखाली असतं. थांबण्याआधी जाकीट घाला, थांबल्यावर नाही.

धारेनंतर लांब बर्फाचा चढ, आणि शिखराच्या पोटाशी बर्गश्रुंड, म्हणजे वाहती हिमनदी आणि वरचा चिकटलेला बर्फ यांच्यामधली भेग. जूनअखेर ती बर्फाच्या पुलाने झाकलेली असते, ऑगस्टच्या उत्तरार्धात तोंड उघडते आणि तिच्या कडेने उघडा कठीण बर्फ लागतो. म्हणून जूनचा शेवटचा आठवडा ते जुलैअखेर हा काळ सगळ्यात चांगला. भेगेच्या वर काही मीटरचा खडकाळ कडा आणि त्याच्या टोकाला पांढरी मादोन्नाची मूर्ती. चढाई म्हणून हा भाग सोपा, पण दोन्हीकडे खोल दरी आहे. खडकात धातूचे खुंटे बसवलेले आहेत. स्लिंग (पट्टीचा फास) आणि कॅराबिनर (उघडमिटीची धातूची कडी) एका खुंट्याला अडकवायचा, पुढचा अडकवल्यावरच मागचा सोडायचा. मूर्तीजवळ जेमतेम काही माणसांची जागा आहे आणि जाणारे-येणारे एकाच अरुंद वाटेने. आठ-नऊच्या सुमारास इथे रांग लागते, दोर एकमेकांत गुंततात, आणि घाईत कुणीतरी दुसऱ्याच्या दोरावर क्रॅम्पॉन ठेवतो. आधीच्या जोड्या उतरेपर्यंत डोंगराच्या अलीकडच्या खांद्यावर बसून राहणं हाच उपाय. रांग हलत नसेल आणि वेळ जात असेल तर तिथूनच मागे फिरण्यात काही कमीपणा नाही.

चढायला चार ते पाच तास, उतरायला तीनेक. अकराच्या आत उतरणीला लागलंच पाहिजे. दुपारी बर्फ मऊ होतो, भेगांवरचे पूल कमजोर पडतात, आणि क्रॅम्पॉनखाली ओल्या बर्फाचे गोळे चिकटून पाय घसरतो. क्रॅम्पॉनला खाली प्लास्टिकची पट्टी आहे ना हे भाड्याने घेतानाच बघा. गोळा धरला तर आइस ॲक्सच्या दांड्याने बुटाच्या कडेवर ठोका.

सामानातली सगळ्यात मोठी गडबड बुटांची. आपल्याकडचे मऊ तळव्याचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीसाठी उत्तम, इथे नाही. तळवा वाकला की क्रॅम्पॉन सैल होऊन निसटतो, तोही नेमका उतारावर. ताठ तळव्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, टाचेला खाच असेल तर अधिक चांगलं. आओस्ता किंवा कूर्मायरच्या दुकानात भाड्याने मिळतात. दुकानातच क्रॅम्पॉन बसवा, बूट उचलून जोरात हलवा, जराही हलला तर लांबी बदलून घ्या, आणि पट्ट्याचं टोक बाहेरच्या बाजूला राहील असं ओवा, म्हणजे दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकणार नाहीत. बाकी बारा दातांचे क्रॅम्पॉन, साधारण 60 सेंटिमीटरची आइस ॲक्स, हेल्मेट, दोन जोड हातमोजे आणि बर्फाचा गॉगल.

हिमनदीवर दोर सांभाळून कुणाला तरी बाहेर काढता येत नसेल तर गाइड घ्याच. आंतरराष्ट्रीय मान्यतेचा बिल्ला असलेलाच घ्या. या वाटेवर एका गाइडमागे साधारण तीन ते पाच जण असतात. गाइडचं हटमधलं राहणं-जेवण तुमच्या खर्चात, हे आधीच हिशेबात धरा. विम्याकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. शेंगेन व्हिसासाठी घेतलेला 30,000 युरोंचा विमा बहुतेकदा गिर्यारोहण वगळतो, किंवा ठरावीक उंचीपर्यंतच चालतो. पॉलिसीत दोर, हिमनदी आणि हेलिकॉप्टर या शब्दांच्या आसपास काय लिहिलंय ते वाचा. मदतीचा क्रमांक 112. खरी गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावलं तर बिल येतं.

शाबो हट की ही? शाबो लहान, घरगुती आणि शांत. तिथून शिखराची वाट लाव्हेसियो हिमनदीवरून जाते. दृश्य अधिक भव्य, पण भेगाही जास्त. हात बसलेल्यांनी तिकडून जावं. पहिल्यांदाच येणाऱ्याला व्हित्तोरियो एमानुएलेची बाजू बरी, गर्दी सोसून.

शिखराहून दुपारी एकपर्यंत हटला आलात तर गरम पास्ता खा, बूट बदला आणि पायाला घाई न करता दीड-दोन तासांत पोंतला उतरा. परतीच्या बसची वेळ चढण्याआधीच मोबाइलमध्ये टिपून ठेवा, कारण शेवटची बस चुकली तर खोऱ्यात दुसरं वाहन मिळणं कठीण. वेळ जुळत नसेल तर ती रात्र पोंतलाच काढा आणि हे आरक्षणही हटबरोबरच करा.